बाळ कुणाकडं हाय?

घरात सव्वीस माणसं आहेत असं सांगितलं की ऐकणारा आधी स्वयंपाकाचं विचारतो. रोज किती भाकऱ्या लागतात, आमटी कशात करता, गॅसची टाकी किती दिवस पुरते. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या या घरातल्या बायकांना या चौकशीचा आता कंटाळा आला आहे. मधल्या काकू तर सरळ म्हणाल्या, "भाकरीचं काय वो, बडवली की झाली. नऊ पोरांची नखं कापून दावा की एकदा." नऊ पोरं, म्हणजे हातापायांची मिळून एकशे ऐंशी नखं. शेवटच्याची कापून होईपर्यंत पहिल्याची वाढलेली असतात, आणि मधे दोघंतिघं हात मागं लपवून परड्यात पळालेली असतात.

स्वयंपाक अवाढव्य असला तरी त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. चूल पेटते, चूल विझते. लहान मुलांच्या कामाचं तसं होत नाही. एकाचं दूध होतं तोवर दुसऱ्याची शी होते, तिसऱ्याचा सदरा उलटा असतो, चौथ्याला शाळेत न्यायला आत्ताच्या आत्ता बाभळीच्या शेंगा हव्या असतात, कारण बाईंनी कालच सांगितलेलं असतं आणि त्याला ते आत्ता आठवलेलं असतं.

घर कसं आहे ते आधी सांगतो. नावं मुद्दाम टाळली आहेत. घरच्यांना अंकात छापून यायला काहीच हरकत नव्हती, पण मुलं मोठी झाल्यावर त्यांना ती असू शकते. पंच्याऐंशीच्या आसपासच्या आजी, त्यांना सगळे 'आई' म्हणतात. चार मुलगे, चार सुना. नातवांपैकी तिघांची लग्नं झालेली, म्हणून तीन नातसुना. कॉलेजात जाणारी दोन पोरं. आणि अकरा वर्षांपासून पाच महिन्यांपर्यंतची ही नऊ. ऊस आहे, थोडी द्राक्षबाग आहे, गोठ्यात म्हशी आहेत. थोरल्या घरचा मोठा नातू कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला जातो.

नात्यांचा गुंता बाहेरच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. थोरल्या सूनबाईंना सगळे दीर 'वैनी' म्हणत आले, म्हणून त्यांचे स्वतःचे मुलगेही त्यांना 'वैनी'च म्हणतात. तिसऱ्या काकांची अकरा वर्षांची मुलगी नात्यानं पाच पोरांची आत्या लागते, पण सगळे तिला 'ताई' म्हणतात. धाकट्या काकांचा सहा वर्षांचा मुलगा हा थोरल्या नातवाच्या सात वर्षांच्या मुलाचा चुलता. भांडणात हा मुद्दा तो आवर्जून काढतो. "मी तुझा काका हाय, बॅट मला दे." काकाचा मान अजून तरी कधी मिळालेला दिसला नाही.

सकाळी सहा ते नऊ ही या घराची खरी परीक्षा. परड्यातल्या चुलवाणावर पाण्याचं मोठं हंडं असतं. आंघोळीचा क्रम ठरलेला आहे आणि तो वयानुसार ठरत नाही, निघण्याच्या वेळेनुसार ठरतो. सव्वाआठला पिवळी बस फाट्यावर येते, म्हणून तिच्यातली दोघं आधी. मग जिल्हा परिषदेच्या शाळेची, मग अंगणवाडीची, आणि पाच महिन्यांचं बाळ सगळ्यांत शेवटी, कारण त्याला तेल लावायला, पायांवर घेऊन न्हाऊ घालायला, वावडिंग-ओव्याची धुरी द्यायला निवांतपणा लागतो. धुरीबद्दल नातसुनांचं आणि सासवांचं एकमत नाही. डॉक्टरांनी धूर नको म्हणून सांगितलंय असं धाकटी नातसून म्हणते. वैनी म्हणतात, मग हे एवढे सगळे कशावर वाढले? तोडगा असा निघाला आहे की धुरी खोलीत फिरते आणि बाळ त्या वेळी सोप्यात असतं. दोघीही आपलंच खरं झालं असं समजतात.

जेवण भरवण्याची तऱ्हा मात्र मोठ्या घरातच बघावी. संध्याकाळी सातला एका परातीत दूध-भाकरीचा किंवा आमटी-भाताचा काला होतो, सहा पोरं गोल बसतात आणि एकच बाई सगळ्यांना ओळीनं घास देत जाते. माझ्या ओळखीत शहरातल्या तीन खोल्यांच्या घरात एक मूल आहे, त्याच्यामागे दोन मोठी माणसं वाटी घेऊन तासभर फिरतात. इथं आपली पाळी हुकेल या भीतीनं चार वर्षांची पोरगी तोंडातला घास संपायच्या आत पुढचा मागते. 'खात नाही' ही तक्रार या घरात मी ऐकली नाही. 'माझ्या घासात बटाटा आला नाही' ही रोज ऐकली.

तरीही याला आपण सहजपणे 'मोठं कुटुंब' म्हणतो तेव्हा कशाला म्हणतो, हे पाहायला हवं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली ती आजही प्रत्येक अभ्यासक्रमात असते. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असणारी, घरच्या देवधर्मात एकत्र भाग घेणारी, विशिष्ट नात्यानं बांधलेली माणसं. जनगणनेवाला तर मुख्यतः स्वयंपाकघर मोजतो, एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक घर. त्या हिशोबानं हे एक कुटुंब. पण पीएम-किसानच्या वर्षाला सहा हजारांसाठी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, म्हणजे या एकाच छपराखाली कुटुंबं अनेक. रेशन कार्डं दोन आहेत. तलाठ्याकडे सातबाऱ्यावर चौघा भावांची नावं आहेत. आईंना हे सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "कागदावर आमचं कवाच वाटून झालंय म्हणा की."

इरावतीबाईंच्या त्या व्याख्येत छप्पर आहे, चूल आहे, जमीन आहे, देव आहे. मूल नाही. समाजशास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. पण हे घर आतून पाहिलं तर ज्या गोष्टीभोवती दिवसभर सगळी धावपळ चालते ती म्हणजे कडेवर कुणीतरी असणं. सकाळपासून रात्रीपर्यंत या घरात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य कुठलं, तर 'बाळ कुणाकडं हाय?'

आईंच्या काळातलं मोठं घर वेगळं होतं. त्यांना स्वतःला आठ झाली, सहा जगली. एक गोवरानं गेलं आणि एक कशानं ते कुणाला कळलंच नाही. थोरलीचं लग्न झालं त्या साली त्यांचा धाकटा पाळण्यात होता. आई आणि लेक एकाच हंगामात बाळंत होण्याचे प्रसंग गावात नवलाचे नव्हते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या घरी ती गोष्ट पोचायला पुढची चाळीसेक वर्षं, लाल त्रिकोणाच्या पाट्या आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई लागल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, महाराष्ट्रातला एकूण जननदर सुमारे २.९ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ वर आला. या घरातल्या एकाही तरुण जोडप्याला दोनाच्या वर मुलं नाहीत आणि कुणाला तिसरं हवं आहे असंही दिसलं नाही. नऊ पोरं आहेत ती पाच आयांची. 'मोठं कुटुंब' म्हणजे एका बाईच्या पदराला आठ लेकरं, हे चित्र डोक्यातून काढून टाकलं नाही तर पुढचं काही समजणार नाही.

कारण पाच आया असल्या की हिशोब बदलतो. आठ मुलांची एक आई असेल तर जबाबदारी कुणाची हा प्रश्नच येत नाही, तिची. पाच आया, चार आज्या-चुलत आज्या आणि एक पणजी असली की मूल सगळ्यांचं होतं. यावर आपल्याकडे फार गोड लिहिलं गेलं आहे. अशा घरात मूल कधी वाढतं ते कळतही नाही, असं म्हणतात. कुणाला कळत नाही, हे मात्र त्यात येत नाही.

चार वर्षांपूर्वी या घरात एक प्रसंग घडता घडता राहिला. तेव्हा दोन वर्षांची असलेली पोरगी. सकाळी दहाचा सुमार. तिची आई गोठ्यात शेण भरत होती आणि तिला वाटत होतं की लेक चुलत सासूकडे आहे. चुलत सासू चुलीपुढे होत्या, त्यांना वाटत होतं ताईकडे आहे. ताई नुकतीच दप्तर घेऊन शाळेला गेली होती आणि जाताना तिनं मुलीला सोप्यात आईंपाशी बसवलं होतं. आईंना डुलकी लागली होती. दुधाचे पैसे सांगायला आलेल्या शेजारणीला पोरगी परड्यातल्या हौदाच्या कडेला पोटावर ओणवी झालेली दिसली, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. शेजारणीनं ओरडा केला नाही, मागून जाऊन धरली, हे नशीब.

घरात त्या वेळी सात मोठ्या बायका होत्या. प्रत्येकीचं म्हणणं खरं होतं आणि कुणीही हयगय केली नव्हती. एकटी आई आणि एकटं मूल अशा घरात हे सहसा होत नाही, कारण तिथं दुसऱ्या कुणाकडे असेल असं वाटायला दुसरं कुणी नसतंच. माणसं जितकी जास्त, तितकी ही फट मोठी.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. हौदावर लोखंडी जाळी आली, आणि वैनींनी नियम घातला की मूल नुसतं ठेवून जायचं नाही. तोंडानं सांगायचं, 'तुझ्याकडं दिलं', आणि समोरचीनं तोंडानं म्हणायचं, 'घेतलं'. 'घेतलं' ऐकू येत नाही तोवर मूल देणारीचंच. सुरुवातीला सगळ्यांना हसू आलं. पुरुषांनी तर दूध संस्थेच्या पावतीची चेष्टा केली, मापं घालून नोंद करा म्हणाले. आज तो नियम इतका मुरला आहे की तीन वर्षांचं पोर आपली बाहुली दुसऱ्याच्या मांडीवर ठेवताना 'दिलं' म्हणतं आणि उत्तर येईपर्यंत हात सोडत नाही.

मी एक दिवस नुसता हे 'दिलं-घेतलं' ऐकत बसलो. बाळ आईकडून वैनींकडे, वैनींकडून तिसऱ्या काकूंकडे, तिथून ताईकडे, ताईकडून पुन्हा आईकडे, मग पणजीकडे, मग मधल्या काकूंकडे. संध्याकाळचा चहा झाल्यावर पहिल्यांदा ते पुरुषांच्या बाजूला गेलं. न्हालेलं, पावडर लावलेलं, हसणारं. दोन काकांनी ते उंच उडवलं, थोरल्यांनी मिशी ओढू दिली. थोड्या वेळानं दुपटं ओलं झालं आणि बाळ माघारी आलं. ते परत येताना 'दिलं' कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरज नाही, हे गृहीतच होतं.

सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत हेच आकड्यांत दिसतं. देशभरात घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७. माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांची त्यात १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. आणि हे जे करतात त्यांच्याबद्दल आहे. मुळात रोज घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस भरतात, बायका एक्क्याऐंशी. या आकड्यांवर थोरल्या काकांशी बोललो तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं. त्यांच्या तरुणपणी वडिलांसमोर स्वतःचं मूल उचलून घ्यायची रीतच नव्हती. निर्लज्जपणा समजत. भावाचं घेतलं तर चाले, आपलं नाही. "माझा थोरला मी पयल्यांदा घेतला त्यो जत्रंत. गर्दीत चेंगरंल म्हून. दोन वर्साचा झालता तवर." मिशी ओढू देणारे हेच काका. तेव्हा चाळीस वर्षांत काहीच बदललं नाही असं म्हणता येणार नाही. फार बदललं असंही नाही.

आता ताईबद्दल लिहायला हवं. कारण या घरात पाहुणा आला की पहिलं कौतुक तिचं होतं. सहावीत आहे. कडेवर दोन वर्षांचं मूल घेऊन ती सागरगोट्या खेळते, पाढे म्हणते, भांडणं सोडवते. बाळाला ढेकर काढायला तिच्याइतकं कुणाला जमत नाही. पोलिओच्या रविवारी बूथवर सगळी वरात तीच नेते आणि परत आल्यावर डाव्या करंगळीच्या नखावरच्या खुणा मोजून घेते. चुकलाच कुणी, तर दुसऱ्या दिवशी घरोघर येणारे कर्मचारी दारावर खडूनं फुली मारतील हे तिला माहीत आहे, आणि त्या फुलीची तिला लाज वाटते. अंगणवाडीच्या सेविका वजनाचा काटा घेऊन येतात तेव्हा कुणाची तारीख काय हे घरातल्या मोठ्यांपेक्षा तिच्या जास्त ध्यानात असतं. लसीकरणाची कार्डं माजघरातल्या खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीत असतात. सगळ्यांची आडनावं एकच, म्हणून कुणाचं दीड वर्षाचं बूस्टर राहिलं आणि कुणाचं नऊ महिन्यांचं गोवर-रुबेला झालं याचा घोळ सहज होऊ शकतो. ताईनं प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात चित्र काढून ठेवलं आहे. मासा, पतंग, कप.

सगळे म्हणतात, पोरगी गुणाची आहे. तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान असलेल्या चुलतभावाला मात्र कुणी कडेवर मूल देत नाही. तो क्रिकेट खेळायला गेलेला असतो आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीत आल्या आणि त्यांनी तिथल्या वस्त्यांमध्ये बालवाडी सुरू केली, तेव्हा त्यांना आणि अनुताई वाघांना नेमकी हीच पोरगी भेटली होती. शाळेत यायचं वय आहे, बुद्धी आहे, पण येत नाही, कारण काखेत धाकटं भावंड आहे. त्यावर त्यांनी उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, म्हणजे ताईनं येताना धाकट्यांनाही घेऊन यावं. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या दोघींनी हे काम कित्येक वर्षं केलं. अंगणातच मुलं जमवून शिकवायचं, म्हणून अंगणवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली १९७५ च्या २ ऑक्टोबरला, आणि नाव हेच राहिलं. बालशिक्षणाचं काम आपल्याकडे माँटेसोरीपासून सुरू झालं असं सांगतात, ते खरंच आहे. पण महाराष्ट्रात ते खेड्यापर्यंत पोचलं ते भावंड सांभाळणाऱ्या पोरीचा प्रश्न कुणीतरी प्रश्न म्हणून पाहिला त्यामुळं, असं मला वाटतं.

आमच्या ताईची शाळा बुडत नाही, हे खरं. पण संध्याकाळचा अभ्यासाचा वेळ आणि बाळ कुरकुरण्याचा वेळ एकच असतो. तिला विचारलं, तुला आवडतं का हे सगळं? ती म्हणाली, बाळ आवडतं. मग जरा थांबून म्हणाली, पण 'घेतलं' म्हणायला नको वाटतं कधीकधी. न म्हणता राहिलीस तर? तर मग देणारी तिथंच उभी राहते, म्हणाली.

मोठ्या घरातली भांडणं पोरांवरून होतात, पण पोरांची भांडणं त्याला कारण नसतात. ती तर दिवसातून वीस वेळा होतात आणि मिटतात. कारण असतं ते मारायचा हक्क कुणाला, हे. या घरात अलिखित कायदा असा आहे: पणजी कुणालाही मारू शकते, तिचा हात कुणाला लागत नाही म्हणून. चुलते रागावू शकतात. काकूनं मात्र पुतण्याला चापट मारायची नाही. सांगून बघावं, नाहीतर त्याच्या आईला हाक मारावी. तिसऱ्या आणि धाकट्या जावेचं पाच वर्षांपूर्वी एका चापटीवरून झालं होतं, तेव्हा दोन महिने एकमेकींशी बोलणं बंद होतं. भाकरी मात्र दोघी शेजारी बसून करत होत्या. आपल्या पोराला जास्त साय घातली, दुसऱ्याच्या पोराला तळाचं दूध दिलं, यावरूनही नजरा होतात. पण उघड कुणी बोलत नाही. साय मोजणारी बाई हलकी समजली जाते.

आजारपण आलं की सगळे हक्क-कायदे बाजूला पडतात. कांजिण्या, डोळे येणं, खरूज, उवा, काहीही एकट्याला होत नाही. गेल्या उन्हाळ्यात कांजिण्या आल्या त्या एकामागून एक पाहुण्यासारख्या मुक्काम करत गेल्या. झालेल्यांना सोप्यात निजवायचं आणि न झालेल्यांना माडीवर, अशी फाळणी केली होती. ती रात्रीपुरतीच टिकली, कारण सकाळी सगळे पुन्हा एकाच वाकळीत सापडले. उवांसाठी रविवार असतो. उन्हात पायरीपायरीनं मुलीबाया बसतात, प्रत्येकीच्या डोक्यात मागचीचे हात. त्या वेळी गावातल्या बऱ्याच बातम्या समजतात.

दिवाळीत चारही काका मिळून एकच थान आणत, त्यातून सगळ्या पोरांचे सदरे आणि झगे शिवले जात. फोटोत ओळखायची पंचाईत. आता तसं चालत नाही. सात वर्षांच्याला सुपरमॅनचा टीशर्ट हवा असतो आणि त्याच्या सहा वर्षांच्या काकाला तोच, पण लाल. फटाक्यांची वाटणी मात्र अजून आईच करतात. लवंगी माळ सोडवून एकेक फटाका मोजून देतात. त्यात कुणी तक्रार केली तर त्याच्या वाट्यातला एक काढून घेतात.

पैशाची गोष्ट इथंच येते, आणि ती मला या घरातली सगळ्यांत नाजूक वाटली. उसाचं बिल थोरल्या काकांच्या खात्यावर येतं, त्यातून खत, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज, मोठे खर्च. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं आणि ते वैनींच्या हातात जातं, त्यातून किराणा, औषधपाणी, पोरांच्या वह्या. अनेक वर्षं हे बिनबोभाट चाललं. तेढ पडली ती पिवळ्या बसमुळं. एमआयडीसीतल्या नातवानं आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं, स्वतःच्या पगारातून. त्याला कुणी नको म्हणालं नाही. मग मधल्या नातवानं आपल्या पोरीलाही बसमध्ये चढवलं, पण त्याचा पगार नाही, तो शेतात राबतो. तिची फी गेली सामाईक पैशातून. तेव्हा धाकट्या काकूंनी विचारलं, मग माझ्या दोघांनी काय पाप केलंय? प्रश्न रास्त आहे. त्यांची दोन्ही पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, चांगली शिकतात. नऊ वर्षांच्याला तर बसवाल्या पुतण्यापेक्षा गणित बरं येतं. पण टाय, बूट आणि फाट्यावर उभी राहणारी बस रोज सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. आपल्याकडे घरं बांधावरून फुटतात असं म्हणतात. या भागात गेल्या दहा-पंधरा वर्षांत फुटलेल्या घरांची चौकशी केली तेव्हा मला बांधाइतकीच शाळेची फी ऐकायला मिळाली. जमीन वाटून घेता येते, कमी-जास्त झालं तर मोजणीवाला आणता येतो. एका पोराला इंग्रजी आणि दुसऱ्याला नाही, याची मोजणी कुणाकडून करून घेणार?

वेगळं निघायचं का, हा विषय घरात अजून कुणी काढलेला नाही. पण मधली नातसून, जिची पोरगी बसमध्ये जाते, तिनं वेगळाच मार्ग काढला. तिनं लग्नाआधी डीएमएलटी केलं होतं. तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जागा आहे, मी जाते, फी माझ्या पगारातून भरते, सामाईक पैशातून नको. धाकट्या काकूंचा मुद्दा त्यामुळं आपोआप मिटत होता. पण तिचं दोन वर्षांचं पोरगं? सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा ते कुणाकडं? सगळ्यांनी ताईकडं पाहिलं. शाळेआधी आणि शाळेनंतर ती आहेच की, असं कुणीतरी म्हणालं.

आई त्या दिवशी जाग्या होत्या. त्या म्हणाल्या, पोरगी अभ्यासाला बसंल. ताईची आई पदराआड काहीतरी पुटपुटली, ते कुणाला ऐकू आलं नाही. मग घराच्या इतिहासात पहिल्यांदा बाळाची पाळी एका पुरुषाच्या नावावर लागली. धाकटे काका सकाळची धार काढून, दूध घालून आठला मोकळे होतात आणि अकरापर्यंत पाराजवळ बसतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साडेआठ ते अकरा त्यांची. अकरानंतर तिसऱ्या काकू, दुपारी अंगणवाडीतून पोरं आली की वैनी. संध्याकाळी चार ते सहा अजून कुणाचं नक्की नाही. कॉलेजातल्या दोघांचा विचार चालू आहे, आणि ते दोघं कधी नव्हे ते क्लासला नियमित जाऊ लागले आहेत.

मी गेलो तेव्हा धाकटे काका अंगणात पोराला भाकरी-दूध भरवत होते. पोरानं तोंड मिटून घेतलं होतं, कारण शेजारी बाकीची पाच नव्हती. काकांनी दोनदा वाटी बदलली, एकदा साखर घातली, आणि शेवटी आतून धाकट्या काकूंना हाक मारली. काकूंनी भाकरीवरचा हात न काढता विचारलं, कशाला? खाईना की, असं ते म्हणाले. मग शेजारच्या दोघांतिघांना बोलवा आणि गोल बसवा, काकू म्हणाल्या. काकांनी शेजारची तीन पोरं आणून बसवली, वाटीची परात झाली, आणखी दोन भाकऱ्या कुस्कराव्या लागल्या. इंग्रजी शाळेच्या दुसऱ्या हप्त्याचं काय करायचं ते कारखान्याचं पहिलं बिल आल्यावर, दिवाळीनंतर ठरणार आहे.